हिम्मतरावांचं अजून ठरलेलं नाही

"गोलकीपरच नसेल तर बाकीच्या दहा जणी नेऊन करायचं काय?" मिलिंद म्हणाला, आणि मैदानाच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर बसलेले सगळे आईबाप एकदम हिम्मतरावांकडे वळले.

हिम्मतरावांनी चप्पल काढली, झटकली आणि परत घातली. आत खडाबिडा काही नव्हता.

"बघू की," ते म्हणाले. "एवढी घाई काय आहे?"

समोर नारायणगुड्याच्या त्या मैदानावर मुली फुटबॉलमागे धूळ उडवत पळत होत्या. पलीकडच्या टोकाला, दोन खांबांच्या मध्ये, गुडघे किंचित वाकवून उभी होती ती हिम्मतरावांची रेणू. वय वर्षं तेरा. तिच्या वयाची अशी गोलकीपर शहरात दुसरी नाही, असं मुलींचे कोच मोईन सर म्हणत, आणि मोईन सर काही फुकट कौतुक करणाऱ्यांतले नव्हते.

वाद तीन आठवड्यांपूर्वी पेटला होता. मोईन सरांच्या 'डेक्कन गर्ल्स'ने तीन वर्षं लागोपाठ शहराचा कप आणला होता. आता माधापूरच्या दोनचार कंपन्यांनी मिळून नवा क्लब काढला होता आणि तिकडून मुलींना बोलावणं आलं होतं. दोन्ही क्लबांना चौदा वर्षांखालच्या राज्य लीगमध्ये उतरायचं होतं आणि त्याच लीगमधून राज्याच्या कॅम्पसाठी मुली निवडल्या जाणार होत्या. एका मुलीला एकाच क्लबाकडून खेळता येणार होतं. रेणूला जानेवारीत चौदा वर्षं पूर्ण होणार होती, म्हणजे तिच्यासाठी हे एवढंच वर्ष.

"तिकडे गवत आहे, गवत!" मिलिंद सांगत होता. तो पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. त्याची ईशा डाव्या बाजूने खेळायची. "फ्लडलाइट्स आहेत. फिजिओ आहे. वर्षभराचं कॅलेंडर तयार आहे त्यांचं."

"गवत म्हशीला लागतंय, मिलिंद," बरकतपुऱ्याच्या अनुराधाबाई म्हणाल्या. त्या बँकेत होत्या, आणि त्यांची मेधा बचावाला खेळायची. "मोईन सरांनी धुळीतून कप आणला. तुमच्या क्लबाला अजून नाव तरी आहे का?"

"आहे की. सायबर स्ट्रायकर्स."

"अगं बाई! हे तर कॉम्प्युटरचं दुकान वाटायलंय."

सगळे हसले, पण हसणं लवकर आटोपलं. कारण दोन्ही बाजूंना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. जिकडे रेणू, तिकडे बाकीच्या मुली जाणार. गोल वाचवणारी कुणी नसेल तर पुढच्या दहा जणींनी कितीही नाचावं, काही उपयोग नाही. म्हणून वाद कितीही रंगला तरी शेवटी गाडी एकाच प्रश्नावर येऊन थांबायची. हिम्मतराव काय म्हणतात?

सत्तावीस वर्षं हिम्मतराव जलसिंचन खात्यात कारकुनी करत होते. एवढ्या वर्षांत त्यांना 'तुम्ही काय म्हणता' असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांचं काम नोट लिहिण्याचं. ही बाजू अशी, ती बाजू तशी, आणि खाली 'आदेशासाठी सादर'. ठरवणारे वर बसायचे. पण खात्यात राहून एक गोष्ट मात्र त्यांना नीट कळली होती. फाईल टेबलावर आहे तोवर माणूस 'साब, साब' करत येतो. फाईल पुढे सरकली की तोच माणूस जिन्यात भेटला तरी ओळख देत नाही. हिम्मतरावांनी चहापलीकडे कधी कुणाचं काही घेतलं नाही, पण ते 'साब' त्यांना आवडायचं. ते वाट्याला यायचं मात्र फार थोडं, कारण त्यांच्या टेबलावर फाईल जेमतेम दोन दिवस टिकायची.

आणि आता ही फाईल. तीन आठवडे झाले, टेबलावरच होती.

मिलिंद त्याच्या गाडीतून बापलेकीला नल्लकुंट्याला घरापर्यंत सोडायचा आणि वाटेत आपलं मत मांडायचा. अनुराधाबाई डबाभर पुरणपोळ्या पाठवायच्या, वर गुडघ्याची चौकशी करायच्या. चिक्कडपल्लीच्या बाजारात ज्याचं नावही धड माहीत नव्हतं अशा एका मुलीच्या बापाने त्यांच्या हातातली भाजीची पिशवी ओढून घेतली आणि स्कूटरपर्यंत आणून दिली. हिम्मतरावांना एका जागी बसवेना. ऑफिसात तासातून तीनदा उठून ते पाण्याच्या माठापर्यंत जाऊन यायचे. संध्याकाळी मुलींच्याही आधी मैदानावर पोचायचे आणि पायऱ्यांसमोर येरझाऱ्या घालत राहायचे. आज कोण आधी बोलेल, हे बघायची त्यांना घाई असायची.

"अहो, ठरवा की एकदाचं," घरी त्यांची बायको सत्यवती म्हणायची. "लोक काय म्हणतील? पोरीच्या जिवावर मोठे व्हायलेत म्हणतील."

"दोन्ही बाजू बघाव्या लागतात. तुला कळायचं नाही ते."

"मला नको कळू द्या. तिला तरी विचारलंत का?"

विचारलं होतं. अगदी पहिल्या दिवशी. रेणू म्हणाली होती, "कुठंही घाला बाबा, पण घाला." त्यानंतर तिने तो विषय काढला नव्हता. रोज घरी आलं की मोरीत हातमोजे धूत बसायची आणि विचारायची, "आज कोण काय म्हणलं?" मग हिम्मतराव पदर सावरत अनुराधाबाई करून दाखवायचे, मान हलवत मिलिंद करून दाखवायचे. 'गवत आहे, गवत!' रेणू हसून हसून भिंतीला टेकायची. तिला हसवणारा बाप आपण आहोत हे हिम्मतरावांनाही नवंच होतं. एरवी ते घरी आले की वर्तमानपत्रात तोंड घालून बसत.

बुधवारी सराव संपल्यावर मोईन सर स्वतः पायऱ्यांपाशी आले. पांढरी दाढी, गळ्यात शिट्टी. कधीकाळी ते पोलिसांच्या टीमकडून खेळलेले, आता उजवा पाय जरा ओढत चालायचे.

"देखो हिम्मतराव साब," ते म्हणाले, "सनिच्चर शाम पाँच बजे लिस्ट जाती. बच्ची की सही, बाप की सही. मेरे कने रखो, नई तो उधर भेजो. मैं नाराज नई होता. पर बीच में नक्को लटकाओ बच्ची को."

"हौ सर, हौ. देखतूँ."

"देखतूँ नक्को. करो."

हिम्मतरावांनी मान डोलावली. पण मनात ते हसले. शेवटची तारीख! सत्तावीस वर्षांत त्यांनी एकही शेवटची तारीख शेवटची ठरलेली पाहिली नव्हती. टेंडर असो, बदलीचा अर्ज असो, शेवटच्या दिवशी मुदतवाढीचा कागद निघायचाच. पंधरा दिवसांची वाढ तर हमखास मिळायची. पंधरा दिवस अजून.

शुक्रवारी संध्याकाळी मिलिंदचा फोन आला. "हिम्मतराव, उद्या पाच वाजता बरं का. मी फॉर्म घेऊन तुमच्या घरी येऊ का?"

"नको नको. उद्या मैदानावर येतो मी. तिथंच बोलू."

शनिवारी ते दुपारी चिक्कडपल्लीला जाऊन केस कापून आले. इस्त्रीचा बुशशर्ट घातला. चार वाजता मोबाइल वाजला. मिलिंदचं नाव दिसलं. हिम्मतरावांनी फोन उचलला नाही, तळहातावर धरून बघत राहिले. पुन्हा वाजला. मग अनुराधाबाईंचा.

"अहो, घ्या की," सत्यवती स्वयंपाकघरातून ओरडली.

"वाजू दे. किती वाजतोय बघू," हिम्मतराव म्हणाले. आणि समोर बुटाच्या नाड्या बांधत बसलेल्या रेणूकडे बघून त्यांनी डोळा मारला. रेणूही हसली.

ते मैदानावर पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. थोडी वाट बघू देत लोकांना, म्हणून मुद्दाम उशीर केला होता. पायऱ्यांवर नेहमीची मंडळी होती. मिलिंद आणि अनुराधाबाई चक्क शेजारी बसून मियापूरकडच्या फ्लॅटबद्दल बोलत होते. हिम्मतराव समोर जाऊन उभे राहिले. लोकांनी सरकून जागा करून दिली. कुणी काही विचारलं नाही.

हिम्मतराव बसले. चप्पल काढली, घातली. मग त्यांनीच सुरुवात केली. "तर मी काय विचार करायलोय..."

मिलिंदने अनुराधाबाईंकडे पाहिलं. त्या मैदानाकडे बघायला लागल्या.

"हिम्मतराव, लिस्ट गेली हो," मिलिंद हळूच म्हणाला. "दोन्ही क्लबांची. आम्ही थांबलो होतो. खरंच थांबलो होतो, साडेचारपर्यंत."

सायबर स्ट्रायकर्सनी सैनिकपुरीची एक मुलगी घेतली होती. उंच होती म्हणे. तिच्या बापाने उभ्या उभ्या सही केली होती. इकडे मोईन सरांनी मेधाला बचावातून काढून खांबांमध्ये उभं केलं होतं. ज्यांना जायचं होतं त्या मुली गेल्या, राहायचं होतं त्या राहिल्या. तीन आठवड्यांचा वाद अर्ध्या तासात मिटला होता.

"पण तारीख वाढती ना?" हिम्मतराव म्हणाले. "वाढतीच."

मिलिंदने नकाराची मान हलवली. ते उठले आणि जवळजवळ पळतच मोईन सरांकडे गेले. मेधा रबरी हातमोजे घालून उभी होती, तिला ते मोठे होत होते. तिच्या शेजारी उभी राहून रेणू तिला हात कसे धरायचे ते दाखवत होती.

"सर, एक अर्जी लिख को देतूँ मैं. कारण लिखतूँ. तबियत खराब थी बोल को लिखतूँ."

"अर्जी किसकू देते साब?" मोईन सर म्हणाले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. "वो लोगाँ पाँच बजे ताला डाल को गए. बच्ची हीरा है. प्रॅक्टिस कू रोज भेजो, मैं सिखातूँ. पर इस साल खेलना नई होता."

"और अगले साल?"

"अगले साल बड़ी लड़कियों में. सतरा-सतरा साल की रहतीं उनों."

त्या दिवशी मिलिंदने गाडीतून सोडायचं विचारलं, पण हिम्मतरावच नको म्हणाले. बापलेक बसने घरी आले. सत्यवतीने दोघांची तोंडं बघितली. पानं वाढली. हिम्मतरावांनी भात नुसता कालवला. आपण चोर आहोत आणि ज्याच्या घरी चोरी केली तोच आपल्याला जेवायला वाढतोय, असं त्यांना वाटत राहिलं.

रविवारी सकाळी रेणू गल्लीत चेंडू भिंतीवर मारून परत धरत होती. हिम्मतराव लुंगीवरच बाहेर आले आणि पायरीवर बसले.  म्हणाले, "मी चुकलो, रेणू."

चेंडू भिंतीवर आपटून आला, तिने धरला.

"मला वाटलं, तारीख वाढल. आमच्याकडं वाढतीच."

"मला माहीत होतं वाढत नसती," रेणू म्हणाली. "सरांनी आम्हाला पण सांगितलं होतं."

हिम्मतरावांनी मान वर केली. "मग बोलली कामून नाहीस?"

रेणूने चेंडू दोन्ही हातांत फिरवला.

"काल फोन वाजायलता ना, तवा म्हणणार होते मी, घ्या म्हणून."

"मग?"

"तुम्ही हसायलतात," ती म्हणाली. "मला वाटलं, अजून थोडा वेळ हसू द्यावं. तुम्ही किती खूश होतात, बाबा, हे सगळे दिवस."

 या पोरीला सगळं दिसत होतं. बाप कशात रमलाय ते तिला तिसऱ्या आठवड्यात काय, पहिल्याच दिवशी दिसलं असणार. आणि तिने स्वतःचं वर्ष त्याच्या पुढ्यात ठेवून दिलं, परत न मागता. त्यांनी तोंड फिरवलं. समोरच्या घरातली बाई रांगोळी काढता काढता बघत होती, तिचीही त्यांना लाज वाटली नाही. डोळे लुंगीच्या टोकाने पुसले.

रेणूने कडेच्या दोन विटा उचलल्या आणि गल्लीच्या मधोमध सातआठ पावलांच्या अंतरावर मांडल्या. चेंडू बापाच्या पायाशी सोडला आणि स्वतः विटांच्या मध्ये जाऊन गुडघे वाकवून उभी राहिली.

"मारा," ती म्हणाली.

हिम्मतरावांनी आयुष्यात कधी चेंडूला लाथ मारली नव्हती. त्यांनी लुंगी वर खोचली, अनवाणी पाय पुढे केला आणि चेंडू हलकेच ढकलला. तो कसाबसा तिच्यापर्यंत पोचला.

"असं काय मारायलाव बाबा? जोरात मारा की."

"लागल तुला."

"मारा तर."

त्यांनी चार पावलं मागे येऊन जीव खाऊन मारला. अंगठ्यातून कळ डोक्यात गेली. चेंडू उजव्या विटेकडे सुटला आणि रेणूने त्या खडीवर आडवं अंग झोकून तो छातीशी धरला. उठली तेव्हा कोपर सोलवटलं होतं, फ्रॉकला माती लागली होती. तिने कोपराकडे पाहिलंही नाही.

चेंडू बापाकडे परत टाकून ती विटांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"अजून," ती म्हणाली.