कानामागची चावी

कडुबाने चावीचे वरचे टोक कानामागच्या हाडाला टेकवले, डोळे मिटले आणि गल्लीतल्या बाया गप्प झाल्या.

चावी म्हणजे साडेतीन फुटांचा लोखंडी दांडा. खालच्या टोकाला व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसणारी खोबण, वरच्या टोकाला आडवी मूठ. रस्त्यातल्या खड्ड्यात ती सोडायची, फिरवायची आणि मग तिच्यातूनच ऐकायचे, टाकीवरून निघालेले पाणी कुठवर आले ते. ग्रामपंचायतीचे पाणी सोडण्याचे हे काम कडुबा सत्तावीस वर्षे करत होता. ऐकण्याची ही रीत त्याला कोणी शिकवली नव्हती.

"आलं," तो म्हणाला. "मारुतीपाशी हाय."

मिनिटभराने भामाबाईच्या नळाने दोन उचक्या दिल्या आणि पाणी पडले.

"कडुभाऊ, सप्त्यात जरा लौकर सोडा पाणी. पाव्हणे येतेत," भामाबाई त्याच्या पाठीला म्हणाली. कडुबा चावी खांद्यावर टाकून चालू लागला होता. "ओ कडुभाऊ."

"नको घसा कोरडा करू," लीलाबाई म्हणाली. "त्याला आता पाण्याबिगर कोणाचंच ऐकू येत नाय. नळातून बोल."

बाया हसल्या. कडुबाला ते ऐकू गेले नाही.

लासूर स्टेशनपासून अकरा किलोमीटरवर असलेल्या या गावात कडुबा बहिरा होतोय, हे तीन वर्षे सगळ्यांना माहीत होते. त्याला स्वतःला मात्र ते नीटसे पटले नव्हते. जमिनीखालचे पाणी ज्याला ऐकू येते तो बहिरा कसा? फक्त कीर्तनाला बसताना तो दर वर्षी एकेक हात पुढे सरकत होता. चैत्रातल्या सप्त्याची सात कीर्तने आणि आठवे काल्याचे, यातले एकही त्याने आजवर चुकवले नव्हते. देवळातल्या खांबाला टेकून बसणारा कडुबा आधी विणेकऱ्याच्या मागे आला, मग थेट लाकडी व्यासपीठाच्या पायाशी आला. महाराज एखादा विनोद करत, मंडप हसे आणि क्षणभराने, लोकांची तोंडे पाहून, कडुबा हसे.

फाल्गुनात मोटर जळाली.

तलावाखालच्या विहिरीत पाणी कमी झाले की मोटर हवा ओढू लागते आणि तिचा आवाज बारीक होतो. तो आवाज कडुबाला पूर्वी टाकीच्या टेकडीवरून ओळखू येत असे. त्या दिवशी तो वीस पावलांवर बाभळीखाली भाकर खात बसला होता. धूर दिसला तेव्हा तो उठला.

सरपंच गोकुळ स्वतः मोटर घेऊन लासूरला गेला आणि परत आल्यावर कडुबाला ग्रामपंचायतीत बोलावले. गोकुळ वयाने लहान, कडुबाला मान देणारा. पण आता त्याच्याशी मोठ्याने बोलावे लागत असल्यामुळे तो जे काही बोलला ते अर्ध्या गावाने ऐकले.

"कडुभाऊ, वायंडिंगचे अकरा हजार लागले. तुमच्या पगारातून कापणार नाय. पाच हजारात कापायला ऱ्हातंय काय?"

"व्हय," कडुबा म्हणाला.

"पर पुन्हा जळाली तर ऐन उन्हाळ्यात गाव तहानेनं बोंबलंल. काल्याच्या दिवसापर्यंत कान दाखवून काय ते करा. नाय तर चावी जमा करा. मला बी लोकांना तोंड द्यावं लागतंय."

"अन् चावी कोणाला देता?"

"बघू कोणाला तरी. माणसाला काय तोटा हाय."

शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जायला जीप, मग रेल्वे, मग रिक्षा. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि जीप भरेपर्यंत पॅसेंजर निघून जाते. पहिल्या दिवशी कडुबा पोहोचला तेव्हा केसपेपरची खिडकी बंद झाली होती. दुसऱ्या वेळी तो पहाटे निघाला.

कानाच्या विभागात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी लोखंडी चिमट्यासारखे काहीतरी टेबलावर आपटून त्याच्या कानाजवळ धरले.

"आवाज येतोय, बाबा?"

कडुबाने मान हलवली. काही नाही.

मग त्यांनी त्याचे बूड कानामागच्या हाडावर टेकवले आणि कडुबाच्या डोक्यात घुंऽऽ करून नाद भरला. तो एकदम हसला.

"ही तर आमची चावी हाय, बाई."

चावी कसली ते त्याने सांगितले. डॉक्टर बाईंनी ते मन लावून ऐकले आणि कागदावर चित्र काढून दाखवले. आतली नस शाबूत आहे. हाडातून आवाज पोहोचतो, म्हणून पाणी ऐकू येते. पडद्यामागे तांदळाएवढी हाडे असतात, ती आखडली आहेत, म्हणून हवेतला आवाज पोहोचत नाही. त्यांनी हे दोनदा, मोठ्याने सांगितले.

"ऑपरेशनने बराच फरक पडेल. योजनेत बसतं, तुम्हाला एक रुपया लागणार नाही."

"फुकट?"

"फुकट. पाच दिवस दाखल व्हायचं, सोबत घरचं एक माणूस हवं. नंतर दर आठवड्याला दाखवायला यायचं. आणि महिनाभर वजन उचलायचं नाही, जोर लावायचा नाही. हे मात्र पाळावं लागेल." त्यांनी कागदावर तारीख लिहिली. ती काल्याच्या दुसऱ्या दिवशीची होती.

"अन् ते कानात घालायचं यंत्र?"

"तेही आहे. पण घामाने, पाण्याने खराब होतं. तुमचं काम पाण्याचं."

मुलगी विशाखा चितेगावला राहत होती, म्हणून तो संध्याकाळच्या आत तिकडे गेला. ती मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला होती आणि जावई अतुल टेम्पो चालवत असे. पत्र्याची एक खोली, भाडे चार हजार. कोपऱ्यात निळा जार होता. विशाखाने त्यातले पाणी तांब्यात घेऊन बापाला दिले.

"हे इकत घेता?"

"तीस रुपयाला जार. बोअरचं पाणी जड हाय इथलं." तिने बापाच्या कानाशी येऊन विचारले, "डॉक्टर काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

"बाबा, पैसे लागले तर सांगा. तसं तुमाला गावात काय खर्च हाय म्हणा. घर आपलं, पाणी आपलं."

"खर्च नाय म्हणून तर पगार नाय," कडुबा म्हणाला आणि दोघेही हसले.

तिच्या हाताची बोटे मिरचीने लाल पडली होती. एक दिवस खाडा पडला तर दिवसाची मजुरी आणि हजेरीचा बोनस दोन्ही जाते, हे ती शेजारणीला सांगत होती. कडुबाला ते ऐकू आले नव्हते, पण शेजारीण त्याच्याकडे वळून तेच मोठ्याने परत बोलली. तारखेचा कागद त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला होता. तो तिथेच राहिला.

परत येताना गाडीत त्याने हिशेब केला. बसायला जागा होती, वेळही होता. फुकटच्या ऑपरेशनला जाणे-येणे, पाच दिवस सोबतीच्या माणसाची मजुरी आणि महिनाभर चावी दुसऱ्याच्या हातात. पहिल्या दोन गोष्टींचे काहीतरी करता येईल असे त्याला वाटले. तिसरीचे वाटेना. महिनाभर दुसऱ्याच्या हातात राहिलेली चावी परत येत नाही.

घरी त्याची बायको सत्यभामा ओट्यावर कांद्याचे विळे पुसत बसली होती. कांदा काढणी नुकतीच सुरू झाली होती. वर्षातले हेच दिवस चांगल्या मजुरीचे.

"फुकट हाय म्हणता, अन् तोंड पाडून का बसलेत?" तिने सगळे ऐकून घेतल्यावर विचारले. तिला मोठ्याने बोलावे लागत नसे. ती समोर बसून सावकाश बोले, आणि कडुबा ओठांवरून घेई.

"चावी जाईल."

"कुठं जाती? मी सोडते पाणी."

कडुबा तिच्याकडे पाहत राहिला.

"सत्तावीस वरसं तुमच्या मागं भाकर घिऊन फिरतेय. कोणता खड्डा कुठं हाय, ते मला ठावं नाय व्हय?"

"अन् कांदे?"

 सत्यभामाने विळा उलटा करून पाहिला.

"कांदे काय, कोणी बी काढंल."

"पंचवीस रोज बुडतील. चारशेनं."

"मोजलेत मी."

"मंग?"

"मागल्या साली काल्याला," ती सावकाश म्हणाली, "महाराज त्या रिकाम्या फडक्याच्या पोराची गोष्ट सांगत होते. सारा मंडप रडत व्हता. अन् तुमी हसत व्हते. लोकांची तोंडं हलली म्हणून हसले. मला लाज नाय वाटली. पर मी ते इसरले बी नाय."

कडुबाने मान खाली घातली. त्याला वाटले होते की तेव्हा कोणी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी ती दोघे गोकुळकडे गेली. गोकुळ आधी हसला. "वहिनी, व्हॉल्व्ह गंजलेले असतेत. गडी माणसाचे खांदे दुखतेत."

"मंग पाह्यलाय का कोणी गडी?"

गोकुळने खरे सांगितले. त्याने गावातल्या तरण्या सुयशला विचारले होते. सुयश म्हणाला, पाच हजारात पहाटं कोण उठतंय, कंपनीत बारा मिळतेत. आणखी दोघांना विचारले, तेही हसले. पाच हजाराची चावी घ्यायला गावात कोणी तयार नव्हते. इतकी वर्षे ज्या पगाराला कडुबा मनातून बोल लावत आला होता, त्याच पगाराने त्याची जागा धरून ठेवली होती.

"महिनाभर," गोकुळ म्हणाला. "पगार तोच. अन् मोटर जळाली तर मी काय बोलायचं ते आत्ताच सांगा."

"नाय जळणार," सत्यभामा म्हणाली. "माझे कान चांगले हायेत."

सप्ता बसला. रोज सकाळी कडुबा पुढे आणि सत्यभामा मागे, अशी ती दोघे व्हॉल्व्हांवरून हिंडत होती. कोणता किती आटे फिरवायचा, कोणत्याला आधी उलटा झटका द्यायचा, हे तो दाखवी. तिच्या तळहातांना फोड आले. ऐकायचे कसे ते मात्र तिला लगेच जमले नाही. ती चावी कानाच्या भोकाशी धरी. कडुबा तिचा हात धरून मागे हाडावर नेई.

"इथं. आता गप ऱ्हाय."

"काय तरी खरखरतंय."

"हवा हाय ती. थांब."

"आता घागर बुडाल्यावाणी."

"हां. ते पाणी."

काल्याच्या दिवशी सकाळी विशाखा आली. गावच्या लेकी काल्याला येतातच. आईने तिला चुलीजवळच सगळे सांगून टाकले. विशाखा बाहेर येऊन बापासमोर उभी राहिली.

"बाबा, मला का नाय सांगितलं? दवाखान्यात सोबत कोण बसणार होतं?"

कडुबाने ऐकू न आल्यासारखे केले.

"ऐकू आलंय तुमाला. ओठ बघत होते तुमी." तिने पदर खोचला. "पडला खाडा तर पडला. उद्या मी येते संगं. कारखाना काय माझ्या एकटीवर चालतो?"

दहा वाजता काल्याचे कीर्तन उभे राहिले. मंडप उन्हाने तापला होता. मागच्या बाजूला पंगतीची भाजी शिजत होती. कडुबा व्यासपीठाच्या कडेला, स्पीकरच्या मोठ्या लाकडी खोक्याशी बसला. चावी त्याच्याजवळ होतीच. गजर सुरू झाला तेव्हा त्याने सहज, कोणाला दिसू नये असे, चावीचे खालचे टोक खोक्याला टेकवले आणि वरचे कानामागे.

पखवाज आला. थेट डोक्यात आला. मग टाळ, वीस जोड, आणि त्यावरून वीणा. मग महाराजांचे शब्द आले, पाण्याखालून आल्यासारखे, पण एकेक सुटा. तीन वर्षांत त्याने न ऐकलेला आवाज. कडुबाने डोळे मिटून घेतले. त्याचा मोकळा हात मांडीवर ताल धरू लागला आणि या वेळी तो मागे पडत नव्हता.

महाराज काल्याची गोष्ट सांगत होते. यमुनेकाठी गोपाळ जमले. सगळ्यांनी शिदोऱ्या सोडल्या. कोणाचे दही, कोणाचे लोणचे, कोणाची शिळी भाकर. देवाने सगळे एकत्र कालवायला घेतले. एक पोर मात्र मागे उभे होते. त्याच्या फडक्यात काहीच नव्हते. घरात काही नव्हतेच, तर आई काय बांधून देणार? देवाने त्याला हाक मारली, म्हणाला, तूही टाक.

"आता मला सांगा," महाराज थांबले, "ज्याच्या फडक्यात काहीच नाही, त्यानं काल्यात काय टाकावं?"

कडुबाच्या खांद्याला हात लागला. त्याने डोळे उघडले आणि चावी खाली घेतली. सत्यभामा मागून वाकली होती.

"पंगतीचे पिपाडे रिकामे झालेत. तुमी उठू नका," ती समोर येऊन सावकाश म्हणाली. "कीर्तन आयका. मी सोडते पाणी. उद्यापासून मलाच सोडायचंय."

तिने हात पुढे केला.

कडुबाने एकदा व्यासपीठाकडे पाहिले, मग चावी तिच्या हातात दिली.

मंडप एकदम दूर गेला. महाराजांचे ओठ हलत होते, उजवा हात वर गेला होता, पखवाजवाल्याचे पंजे कातड्यावर पडत होते. कशालाही आवाज नव्हता. त्या पोराने काय टाकले ते महाराज सांगत होते. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने उपरण्याने डोळे पुसले. पलीकडे बायांमध्ये विशाखाने मान खाली घातली होती. भामाबाई पदर तोंडाशी धरून होती.

कडुबा हसला नाही. त्याने दोन्ही हात जोडले आणि तसाच बसून राहिला.

मंडपाच्या कनातीतली फट त्याच्या समोर होती. तिच्यातून मारुतीजवळचा खड्डा दिसत होता. सत्यभामाने चावी आत सोडली, पाय रोवले, आधी उलटा झटका दिला आणि मग दोन्ही हातांनी मूठ ओढली. एकदा. दोनदा. मग ती गुडघ्यावर बसली आणि चावीचे टोक तिने कानामागे नेले. अगदी हाडावर. तिचे कान चांगले होते, तरी तिने डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने तिने हात वर केला. पाणी आले होते.