मागावर असताना

तेजस्विनी परत आली तेव्हा आंधळगावातल्या बायका म्हणाल्या, बाहेरदेशी राहून पोरगी कशी हसतमुख झाली. दुरून डोंगर साजरे म्हणतात. इथे डोंगर दारात येऊन उभा राहिला तरी लोकांना साजराच दिसत होता.

नऊ वर्षं ती हनोईत लहान मुलांना इंग्रजी शिकवत होती. पहिली दोन-तीन वर्षं तिने ते काम जीव लावून केलं. एखाद्या पोराने पहिल्यांदा आपल्या तोंडाने इंग्रजीत पाणी मागितलं की हिच्या डोळ्यांत पाणी. पण त्या शाळेत वर्गावर्गात कॅमेरे होते, आणि आईबाप आपापल्या कचेरीत बसून मोबाइलवर मास्तरणीचा चेहरा बघत. चेहरा पडलेला दिसला की तक्रार. म्हणून प्रत्येक शब्दाला टाळी, प्रत्येक शब्दाला 'व्हेरी गुड', मग पोरगं सफरचंदाला केळं का म्हणेना. नऊ वर्षं तेच सफरचंद. आतून ती कधी विझली ते तिचं तिलाही कळलं नाही, कारण तोंड हसतच होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार पुष्कळ जण खातात, हिने तो हसून खाल्ला. यंदा सोडते म्हणायची आणि पुन्हा वर्षभरासाठी सही करायची. इकडे बाबा गावभर सांगत फिरायचे ना, आमची तेजू फॉरेनात मॅडम आहे.

त्याच बाबांना, खेमराजना, दिवाळीनंतर लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, लहान मुलाला शिकवतात तसं बोलायला शिकवा, सुरुवातीचे महिनेच काय ते महत्त्वाचे. तेजस्विनी रजा टाकून धावत आली ती या भरवशावर. जगात दुसरं काही नाही तरी बोलायला शिकवणं आपल्याला येतं, असं तिला वाटलं. बाबांनी एकदा 'तेजू' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. मग त्या नऊ वर्षांचाही काही उपयोग झाला असं तिला म्हणता आलं असतं.

खेमराज कोशाच्या रेशमाचे विणकर. त्यांच्या घरात एक गोष्ट पाळत असत. कापड मागावर असेपर्यंत त्याला कोणी चांगलं म्हणायचं नाही. उतरवावं, घडी घालावी, मग काय बोलायचं ते बोलावं. तुमसरचा एक व्यापारी एकदा अर्ध्या विणलेल्या लुगड्याला वाहवा म्हणून बसला. खेमराजनी हातातला धोटा खाली ठेवला आणि तो माणूस दारातून बाहेर पडेपर्यंत पुन्हा उचलला नाही. तेजस्विनी याच घरात वाढलेली. तिने हे विसरायला नको होतं, पण विसरली.

पहिल्याच सकाळी पाणी मागताना बाबा घामाघूम होऊन "पा... पा..." म्हणाले. शब्द अजून तोंडातच होता, तोवर हिच्या टाळ्या वाजल्या. "व्हेरी गुड, बाबा. एक्सलंट." आवाज वर्गातला आणि हसूही वर्गातलंच. खेमराजनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. दमले असतील, असं ती समजली. दुसऱ्या दिवशी तिने आणखी उत्साह आणला, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. तिला तेवढंच येत होतं. पुढे पुढे तर ती खाटेजवळ आली की बाबा भिंतीकडे तोंड फिरवू लागले.

एकदा दुपारी ती दुकानातून परतली, तर आतून बाबांचा आवाज. शेजारचे भय्याजी, बाबांच्याच वयाचे विणकर, खाटेपाशी बसले होते. बाबा अडखळत त्यांना सूत आलं का म्हणून विचारत होते आणि भय्याजी खर्रा चघळत, घाई न करता, नुसते थांबले होते. तेजस्विनी उंबऱ्यात आली आणि बाबा गप्प झाले. म्हणजे वाचा येत होती, तिच्यासाठी तेवढी येत नव्हती. इतकं वाईट तिला परदेशात एकटीने तापात पडल्यावरही वाटलं नव्हतं.

जाताना भय्याजी तिला अंगणात म्हणाले, "मागावर हायेत ते अजून, बाई. मागावरल्याले कोनी वाहवा म्हणते का?"

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आता आपण काहीच म्हणायचं नाही, असं तिने ठरवलं.

संध्याकाळी आई, कौशल्या, दिवाबत्ती करत होती. तेजस्विनीने बाबांना मऊ भात भरवला, वाटी बाजूला ठेवली आणि ओठ मिटून बसून राहिली. मग खेमराजनी मान वळवली, तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि एकेक शब्द ओढून आणत म्हणाले, "तू... हासू... नोको. भेव लागते... मले."

लकवा मारल्यापासून एवढं मोठं वाक्य ते कुणाशीच बोलले नव्हते. कौशल्या काडी हातात धरून तशीच उभी राहिली. बाप आपल्याला भितो हे तेजस्विनीला लख्ख कळलं. पण त्याच्याही आधी तिचे गाल वर गेले होते. हात एकमेकांवर वाजले होते.

"व्हेरी गुड, बाबा."

खेमराजनी डोळे मिटले. आपली जीभ तोडून टाकावी असं तेजस्विनीला झालं. तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. कौशल्या जवळ आली, वाटी उचलली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू थोडी बाहीर बस, तेजू," ती म्हणाली. रागाने नव्हे.

तेजस्विनी ओसरीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने आतून बाबांचा आवाज आला, हळू, तुटक. ते आईला विचारत होते, "रडते... का?"

कौशल्याने दारातून वाकून लेकीकडे पाहिलं, डोळे कोरडे आणि हात अजून तोंडावर दाबलेले, आणि नाही म्हणून सांगितलं.