भाऊ माझ्यावरून उठले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. घरातली नव्हे, ऑफिसातली. पाठीला काळी जाळी, खाली पाच चाके आणि उंची कमीजास्त करायला उजव्या हाताशी एक दांडी. सध्या मी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, खिडकीजवळ असते. पाहुणे आले की माझ्याकडे बघून विचारतात, "ही इथे कशी काय?" घरची माणसे नुसती हसतात. म्हणून म्हटले, आपणच सांगावे.

एका मोठ्या शेडमध्ये माझा जन्म झाला. एकाने नळ्या वाकवल्या, दुसऱ्याने चाके बसवली, एका बाईने जाळी ताणून घट्ट केली. शेवटी एक जाडजूड गृहस्थ माझ्यावर धपकन बसले, त्यांनी एक गिरकी घेतली आणि म्हणाले, "पास!" दिवसभर बसून बघायचे, हेच त्यांचे काम होते. तिथून मी काचेच्या बरण्या आणि बाटल्या बनवणाऱ्या एका कारखान्यात आले.

माल बाहेर पाठवणाऱ्या विभागाचे प्रमुख होते भाऊ. त्यांचे खरे नाव कुणी घेतच नसे. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मालकांपर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणत. कोणती गाडी कधी निघणार, कोणते खोके खाली आणि कोणते वर, कुठल्या ड्रायव्हरला कुठला रस्ता द्यायचा, हे सगळे भाऊ ठरवत. ते माझ्यावर बसत, फोन कानाला लावत आणि पायाने जमिनीला रेटा देऊन खिडकीकडे वळत. अंगणातली गाडी बघून पुन्हा टेबलाकडे. दिवसभर आमची अशी ये-जा चाले. त्यांच्या गैरहजेरीत कुणी माझ्यावर बसलेच, तर बाकीचे म्हणत, "ऊठ बाबा, भाऊंची खुर्ची आहे ती." हे ऐकताना माझा ऊर भरून येई.

पुढे लोक काचेऐवजी प्लास्टिक घेऊ लागले. एकेक भट्टी थंडावली आणि एक दिवस कारखान्याला कुलूप लागले. मालकांनी सांगितले, ज्याला जी वस्तू हवी ती त्याने आठवण म्हणून न्यावी. कुणी घड्याळ नेले, कुणी पंखा. भाऊंनी मला उचलले. टेम्पोच्या मागच्या बाजूला दोरीने बांधून मी या घरी आले.

मित्रांनो, सुरुवातीचे दिवस फार विचित्र होते. भाऊ रोज सकाळी दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि माझ्यावर येऊन बसत. खिडकीखाली ना अंगण होते, ना गाड्या. तरी ते पायाने रेटा देऊन वळत आणि खाली बघत राहत. नोकरीसाठी अर्ज मात्र ते करत होते. एकच मजकूर लिहून ठेवला होता: 'विभागप्रमुख, दीर्घ अनुभव, प्रामाणिक आणि मेहनती.' तोच बँकेला, तोच शाळेला, तोच गोदामाला. कुठूनही उत्तर येत नव्हते. दाराची बेल वाजली की ते उठून आतल्या खोलीत जात. शेजाऱ्यांना सांगून ठेवले होते की, सध्या रजेवर आहेत.

एका दुपारी कारखान्यातल्या टेलिफोनवाल्या ताई घरी आल्या. त्यांचीही नोकरी भाऊंच्याबरोबरच गेली होती. पण त्यांना एका शाळेच्या कार्यालयात काम मिळाले होते. त्यांनी भाऊंना आत लपायला वेळच दिला नाही. वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने, दार उघडताच त्या सरळ खिडकीपाशी आल्या.

"भाऊ, नोकरी शोधताय की नोकरीची वाट बघताय?"

"अर्ज करतोय ना. ढीगभर केले."

"बघू." ताईंनी भाऊंच्या फोनवर अर्ज वाचला. मग म्हणाल्या, "प्रामाणिक आणि मेहनती. बरं. हे तर माझ्या भाच्यानंही लिहिलंय, आणि तो अकरा वाजता उठतो. तुम्ही तिथं नेमकं काय करायचात?"

"माल पाठवायचं काम बघायचो."

"बघायचो म्हणजे? बघायचे तर मीही. खिडकीतून."

वहिनींना हसू आवरेना. भाऊंना राग आला, आणि रागाच्या भरात ते बोलू लागले. पूर्वी गाडी पोचेपर्यंत किती बरण्या फुटायच्या! मग त्यांनी एक रीत घालून दिली. माल भरला की ड्रायव्हरने गाडी अंगणात एक फेरी फिरवायची आणि सगळ्यांनी गप्प राहून कान द्यायचा. काच किणकिणली की खोकी पुन्हा उतरवायची. फुटतूट इतकी कमी झाली की गिऱ्हाइकांनी तक्रारीचे फोन करणेच सोडले.

"मला ठाऊक आहे," ताई म्हणाल्या. "ते फोन मीच घ्यायचे. हे लिहा, भाऊ. बँकेला नको, ज्यांचा माल फुटतो त्यांनाच लिहा. आणि लोकांना सांगा हो! तुम्हाला काम हवंय हे कुणाला माहीतच नाही, तर सुचवणार कोण?"

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, अरेरे. मग जेवायला जातील. तुम्ही मात्र इथंच बसलेले असाल."

त्या गेल्या. मग भाऊंनी फोन उचलला आणि जुन्या ड्रायव्हरांना एकेक करून लावला. पहिल्या फोनला त्यांचा आवाज अडखळत होता. तिसऱ्याला ते चक्क हसले. त्यातल्याच एकाकडून फर्निचरच्या एका गोदामाचा पत्ता मिळाला.

तिथली मुलाखत मात्र पार फसली. भाऊ घरी आले आणि बूट न काढताच माझ्यावर बसले. रस्ता चुकला, धापा टाकत पोचले. कारखाना का सोडला असे विचारल्यावर मालकांचे कसे चुकले तेच सांगत बसले. "बोलता बोलता माझं मलाच कळत होतं," ते म्हणाले, "पण थांबता येईना."

नकार आला, तेव्हा ताईंच्या सांगण्यावरून भाऊंनी मुलाखत घेणाऱ्या साहेबांना फोन केला. भांडायला नव्हे. आपण कुठे कमी पडलो एवढेच नम्रपणे विचारायला. साहेब जरा चमकले असावेत, पण त्यांनी मोकळेपणाने सांगितले, "तुम्ही जुन्या मालकांबद्दल खूप बोललात. आमच्याबद्दल एक प्रश्नसुद्धा विचारला नाहीत." भाऊंनी आभार मानून फोन ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते.

भाऊंची मुलगी दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावे नोंदवण्याचे काम करते. ती म्हणाली, "बाबा, आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस घाबरलेलाच असतो. सवयीनं भीती कमी होते. चला, उठा. मी साहेब."

तिने भाऊंना माझ्यावरून उठवले, समोरच्या स्टुलावर बसवले आणि स्वतः माझ्यावर बसली. मित्रांनो, इतकी वर्षे मी भाऊंची पाठ ओळखत होते. त्या पाठीचा ताण, तिचा घाम, सगळे मला ठाऊक. पण समोर बसलेला त्यांचा चेहरा मी इतका वेळ कधी पाहिला नव्हता. केस कानांजवळ पिकले होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हते. कामातला रुबाब त्यांचाच होता, माझा नव्हे; तरी तो माझ्यावर सोडून ते स्टुलावर जाऊन बसल्यासारखे दिसत होते.

"या कामासाठी तुमचं वय जास्त नाही वाटत?" मुलीने विचारले.

"हा काय प्रश्न झाला?" भाऊ उसळले.

"विचारतील, बाबा. तिथं चिडण्यापेक्षा इथं चिडून घ्या."

भाऊ स्टुलावर नीट बसले. मग हळू म्हणाले, "वय आहे. पण चुका करून झाल्यात माझ्या. त्या तुमच्या मालावर होणार नाहीत."

"हे चांगलं आहे! कॉम्प्युटर येतो?"

"येतो की."

"बाबा..."

"थोडा येतो. मुलीकडून शिकतोय."

आणि ते खरोखरच शिकू लागले. संध्याकाळी माझ्यावर बसून एका बोटाने अक्षरे शोधायचे. मुलगी ओरडायची, वहिनी मध्ये पडायच्या, पण धडा चुकत नसे.

काही दिवसांनी औषधांच्या एका गोदामातून बोलावणे आले. तिथून इंजेक्शनच्या काचेच्या बाटल्या दवाखान्यांना जात. या वेळी भाऊ आदल्या दिवशीच तिथे जाऊन आले. रस्ता पाहिला, फाटकाबाहेर उभे राहून गाड्या कशा भरतात ते पाहिले. मुलाखतीच्या दिवशी ते वेळेआधी पोचले. घरी येऊन त्यांनी सगळे सांगितले, तेही उभ्याउभ्या.

"कारखाना का सोडला विचारलं. म्हटलं, तो बंद झाला, पण तिथं शिकलेलं बरोबर आणलंय. बस्स, एवढंच. मग मी विचारलं, तुमच्या गाड्या दुपारच्या उन्हात भरतात, औषधांना ते चालतं का? मुलाखत घेणाऱ्या बाई एकदम पुढे झुकल्या. म्हणाल्या, त्याचीच तर डोकेदुखी आहे."

दोन दिवसांनी होकार आला. घरात आनंद झाला, पण भाऊंचा चेहरा खुलेना. काम प्रमुखाचे नव्हते. माल भरणाऱ्या गटावर देखरेख करायची, दिवसभर पायांवर उभे राहायचे, आणि वर साहेब म्हणून त्यांच्या मुलीपेक्षा थोडीच मोठी असलेली ती बाई. भाऊंनी लगेच हो म्हटले नाही. विचार करायला एक दिवस मागून घेतला. कामाच्या वेळा, सुट्ट्या, पगार, कायम कधी करणार, सगळे लेखी मागवले. मग माझ्यावर बसले. माझ्या हातांवर त्यांची बोटे फिरत होती.

"तिथं मला खुर्ची नाही," ते वहिनींना म्हणाले.

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी हातातला शर्ट बाजूला ठेवला. "खुर्ची आहे की घरात. ती कुठं पळून जात नाही. पण या खुर्चीत बसून तुम्ही रोज थोडे थोडे कमी होताय, ते मला बघवत नाही. काम आवडण्यासारखं आहे का, तेवढं सांगा."

भाऊंनी पायाने रेटा दिला आणि ते वहिनींकडे वळले. "आहे," ते म्हणाले. "मुलाखतीला गेलो तेव्हा बघितलं, त्यांच्या खोक्यांत मधल्या पट्ट्याच नाहीत गं. बाटल्या एकमेकींना घासतात. ते आधी बदलायला हवं."

एवढे बोलून ते माझ्यावरून उठले आणि होकार कळवायला फोन लावला. इतक्या वर्षांत ते माझ्यावरून हजारदा उठले असतील. तरी त्या वेळी मला कळले की, आता हे माझे राहिले नाहीत. वाईट वाटले. पण त्यांची पाठ ताठ होती, आणि ती तशी पाहून बरेही वाटले.

आता माझ्यावर कधी धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो, कधी मुलीची पर्स. जाळीवर धूळ बसते. संध्याकाळी भाऊ थकून येतात आणि पाच मिनिटे टेकतात. परवा नव्या खोक्यांबद्दल सांगता सांगता वाक्य अर्धे सोडून झोपी गेले. कारखाना बंद झाल्यापासून ते माझ्यावर तासन्तास बसले होते, पण असे झोपले कधीच नव्हते. वहिनींनी माझ्यावरचे कपडे आधीच उचलले होते. त्यांनी हळूच भाऊंचे बूट काढले आणि पंखा लावला.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, हे तर तुम्ही जाणताच. माझी धूळ अधूनमधून पुसलीत तरी मला पुष्कळ. पण तुमच्या घरात कुणाचे काम सुटले, तर त्याला एकट्याला खिडकीपाशी बसू देऊ नका. "काही झालं का?" असे रोज विचारून त्याला छळूही नका. एक स्टूल ओढा, त्याच्यासमोर बसा, आणि त्याला काय काय येते ते त्याच्याच तोंडून नीट ऐकून घ्या.