पालथ्या बरणीखालचा गुलाब

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. ब्लिदा गावातल्या एका अंगणात पालथी पडून असते. पूर्वी माझ्यात मिठात मुरवलेली लिंबं असत. काठाचा टवका उडाला आणि मी भंगारात जाणार होते, पण घरधनीण खदावज आजींनी मला उचललं आणि एका गुलाबाच्या फांदीवर पालथं ठेवलं. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून लोक हसतात. माझ्या हातून मात्र जे काही चांगलं झालं, ते पालथं पडूनच झालं.

माझ्या उबेत फांद्या मुळं धरत. गल्लीतल्या प्रत्येक नवरीला आजी असं एक रोप देत आणि बायका माझंही कौतुक करत. मला फार बरं वाटे.

आजींची एकुलती एक लेक नफीसा लहानपणीच वारली. तिने लावलेला गुलाब परसातल्या भिंतीवर चढला होता. गेल्या हिवाळ्यात भिंत कोसळली आणि गुलाब तिच्याखाली चिरडला. एकच हिरवी फांदी वाचली. आजींनी ती तिरकी छाटली, टोमॅटोच्या रिकाम्या डब्यात खोचली आणि वर मला ठेवलं.

त्यांचे यजमान मौलूद, ज्यांना सगळे आदराने 'सी मौलूद' म्हणत, माझ्यात डोकावले. "काय दिसतं गं तुला हिच्यात? मला तर नुसता घाम दिसतोय!"

"त्या घामावरच फांदी जगते. आणि अहो, बरणीला हात लावलात तर जेवण बंद!"

पण पुढे आजींनीच अंथरूण धरलं. रोज खोलीतून क्षीण आवाज येई, "रोप लागलं का हो?"

फांदीला कोवळं पान फुटलं. पान आधी फुटतं, ते फांदीतल्या शिदोरीवर. मुळं मागून येतात. सी मौलूदांना हे कुठून ठाऊक असणार? आजींना खात्रीने सांगता यावं म्हणून त्यांनी मला बाजूला ठेवलं आणि फांदी हळूच वर ओढली. दोऱ्यासारखी पांढरी मुळं नुकतीच धरली होती. ती तुटली. मला ओरडता आलं असतं तर!

त्यांनी फांदी पुन्हा मातीत खोचली आणि डबा आजींच्या उशाशी नेला. "बघ, लागलं."

पान मान टाकू लागलं होतं. जन्मभर फांद्या लावणाऱ्या बाईला ते दिसलं नसेल? आजींनी आधी पानाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या मातीने भरलेल्या बोटांकडे.

"लागलं हो," त्या म्हणाल्या. "आता मी नसले तरी पाणी घालत जा."

त्याच आठवड्यात आजी गेल्या. फांदी काळी पडली आहे. सी मौलूद रोज सकाळी मला उचलतात, पाणी घालतात आणि पुन्हा अलगद पालथी ठेवतात.

मित्रांनो, मूळ धरलं का, हे कधी उपटून पाहू नका. धीर धरा. आणि या अंगणात आलात, तर फांदी वाळली आहे असं सी मौलूदांना सांगू नका.