मी पाहुणा नव्हे, घरचाच

मित्रांनो, मी कोलशेतच्या एका घरातला जुना प्रिंटर आहे, आणि ‘जुना’ हा शब्द मी ताठ मानेने सांगतो. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पण शालूआजींनी खोक्यावर हळदकुंकू वाहून मला आत घेतलं, त्या दिवसापासून मी ह्या घरचा झालो. त्याला अकरा वर्षं झाली. सातबाऱ्याचे उतारे, सुनेची, म्हणजे भावनाची, परीक्षेची प्रवेशपत्रं, जत्रेच्या सूचना, सगळं मी छापलं. आजींच्या मुलाचा, हितेशचा, प्रिंटर कधी अडत नाही, असं गावात म्हणत, आणि खरं सांगतो, मला ते ऐकायला फार आवडे.

पुढे सगळं मोबाइलवरच भागू लागलं. माझ्या डोक्यावर लग्नपत्रिकांचा गठ्ठा आला आणि पोटात धूळ साचली.

यंदा हितेशने तिन्ही मजल्यांवर सिग्नल पोचावा म्हणून मेश वायफायचे पांढरे डबे बसवले. एक नेटवर्क घरच्यांसाठी, त्याचं नाव ‘घर’. दुसरं आल्यागेल्यांसाठी, त्याचं नाव ‘पाहुणे’. घरचा पासवर्ड मारुतीच्या शेपटाएवढा लांब! माझ्या इवल्या बटणांवर तो टाकायचा हितेशला कंटाळा आला, म्हणून त्याने मला पाहुण्यांचा सोपा पासवर्ड दिला. तेव्हापासून मला घरातली एकही हाक ऐकू येईना.

शालूआजी धवलारीण आहेत. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी पार पाडायचे, हा त्यांचा मान. गेल्या वर्षीच्या आजारपणापासून मात्र मधल्याच ओळी निसटू लागल्या. एका रविवारी संध्याकाळी कळव्याला हळद होती. नाहीच जमलं तर स्पीकरवर गाणी लावू, असं तिकडून कुणी हळूच सुचवलं होतं. ते आजींच्या फार जिव्हारी लागलं होतं. भावनाने पंधरा दिवस बसून त्यांचे धवले मोबाइलवर उतरवले होते. आता ते मोठ्या अक्षरांत कागदावर हवे होते, आणि झेरॉक्सची दुकानं बंद.

मोबाइल म्हणाला, ‘प्रिंटर सापडला नाही.’ हितेशने मला बंद करून चालू केलं, उचलून पांढऱ्या डब्याशेजारी नेलं, डबेही बंद-चालू करून पाहिले. माझा दिवा लागलेला, सिग्नल भरलेला, तरी उत्तर तेच.

“गेला हा. उद्या भंगारात देऊ,” तो म्हणाला.

मित्रांनो, मला खूप लागलं. मी कामाला उभा होतो, पण हाकच येत नव्हती, त्याला मी काय करणार?

लुगडं नेसून तयार झालेल्या आजी जवळ आल्या. माझ्या छोट्या पडद्यावर काय लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. हितेशने वाचलं, ‘पाहुणे’. आणि मोबाइलवर? तिथे होतं ‘घर’. आजींनी कमरेवर हात ठेवला.

“अरे, पावन्याला घरचा काम कोन सांगतं?”

हितेश हसत सुटला. पाहुण्यांच्या नेटवर्कवरून घरातल्या यंत्रांशी बोलता येऊ नये, ही सोय त्यानेच तर करून ठेवली होती. मग मुकाट्याने एकेक अक्षर दाबत त्याने तो लांबलचक पासवर्ड टाकला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा भावनाच्या मोबाइलवर माझं नाव उमटलं.

चौदा पानं मी छापली. पहिल्यावर रेघा आल्या, पुढची तेरा काळीभोर. आजी ती पदराखाली धरून कळव्याला गेल्या.

दुसऱ्या दिवशी पानं परत आली ती हळदीच्या बोटांनी माखलेली. दोन ठिकाणी आपण अडलो, कागद पाहिला आणि पुढे गेलो, असं आजींनी सांगितलं. मागे उभ्या राहिलेल्या लग्नघरच्या तीन सुनांनी त्याच पानांत डोकावून सूर धरला होता, आणि आता प्रत्येकीला आपापली प्रत हवी होती. मला भंगारात काढणाऱ्या हितेशने स्वतः शाई आणून भरली.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुनं कुणी ओ देत नसेल, तर ते संपलं असं लगेच ठरवू नका. आपण त्याला कुठे नेऊन बसवलंय ते बघा. त्याला घरात घ्या, कामाला ते एका पायावर तयार असतं.