रेशीम छापणारा प्रिंटर

मी एक जुना प्रिंटर आहे, पण शेवटची चार वर्षं मी शाईचा थेंबही चाखला नाही. मी रेशीम छापत होतो. हसू नका मित्रांनो, खरंच सांगतो.

आधी मी कार्यालयात रजेचे अर्ज छापायचो. कुरकुर वाढली तसा अडगळीत गेलो. तिथून मला एका संशोधक मुलीने उचललं. सगळे तिला ताई म्हणत. रेशमाचे कोश उकळून, विरघळवून केलेलं पातळ द्रावण तिने माझ्यात भरलं. थंडगार पट्टीवर मी तोंडाच्या बारीक भोकांतून थेंबावर थेंब टाकायचो, ते तिथेच गोठायचे. नंतर त्यातला बर्फ वाफ होऊन उडून गेला की स्पंजासारखी जाळी उरायची. भाजलेल्या माणसाची नवी कातडी त्या छिद्रांतून वाढावी, यासाठी ताईचं पीएच.डी.चं संशोधन चाललं होतं.

प्रयोगशाळेतले वयस्क मदतनीस म्हणजे आमचे मामा. माझ्याकडे बघून म्हणायचे, "काय ताई, म्हातारबुवा आज रुमाल विणतायत की सदरा?"

"हळू बोला मामा, रुसतात ते!"

शेवटचे तीन नमुने उरले असताना ताईला घरून फोन आला. वडील चक्कर येऊन पडले होते. पिशवी उचलत ती म्हणाली, "मामा, एवढं याचं तोंड धुऊन ठेवाल?"

"तू नीघ पोरी, मी आहे ना."

मामांनी अगदी जीव लावून धुतलं. शाईचे प्रिंटर धुतात तसंच, स्पिरिटने. रेशमाला फक्त पाणी चालतं; स्पिरिट लागलं की ते कायमचं घट्ट होतं. माझी केसाएवढी बारीक भोकं आतून बुजली. मला ओरडताही आलं नाही.

आठवड्याने ताई परतली. वडील बरे होत होते. तिने बटण दाबलं, तर नुसती घरघर. मग तिने माझं तोंड तपासलं आणि शेजारची स्पिरिटची बाटली पाहिली. माझ्यासारखे प्रिंटर आता बनत नाहीत. नव्या यंत्राचा थेंब वेगळा, म्हणून छिद्रंही वेगळी. चार वर्षांचे नमुने पुन्हा पहिल्यापासून.

"काय चुकलं गं माझं?" मामांनी विचारलं.

"पाण्याने धुवा, एवढं मी बोलले नाही, मामा."

मामांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

आता मी कपाटावर असतो. मामा रोज माझी धूळ पुसतात. हात लावण्याआधी वळून विचारतात, "ताई, कोरड्याच फडक्याने ना?" आता कशानेही पुसलं तरी माझं काही बिघडणार नाही. मित्रांनो, हा प्रश्न आधी विचारायचा असतो. दुसऱ्याची वस्तू हाती घ्याल तेव्हा तो विचारा. आणि आपली वस्तू कुणाच्या हाती द्याल तेव्हा, कितीही घाई असो, एक वाक्य जास्त बोला.