पोपटी की फिरोजी

सुरतेत माणूस कशावरही पैज लावतो. पाऊस कधी पडेल, शेठची नवी गाडी कुठल्या रंगाची येईल, टपरीवरचं पुढचं गिऱ्हाईक चहा मागेल की बिडी. त्यामुळे सुपडूची आणि माझी रजा युरोपातल्या सायकलवाल्यांच्या पायांवर ठरणार, याचं आमच्या पांडेसऱ्याच्या गिरणीवस्तीत कुणाला नवल वाटलं नाही. मला वाटलं, पण मी बी.एस्सी. आहे.

प्लेगच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. आम्ही दोघं कापड रंगवणाऱ्या एकाच प्रोसेस हाऊसच्या कलर रूममध्ये रंग जुळवायचो. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाईक व्यापाऱ्याने, कापडाचा तुकडा पाठवायचा, आम्ही हुबेहूब तसा रंग काढून द्यायचा. दोघंही अमळनेरकडचे, पण गावं वेगळी, भाऊबंद वेगळे. आणि त्या वर्षी कानबाई बसवायची पाळी दोघांच्याही घरी आलेली. कानबाई ही आमची खानदेशातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, आणि पाळी ज्याच्या घरी, त्या नवराबायकोने पूजेला बसायचं असतं. नवरा नसला तर मान चुलतभावाकडे जातो. माझा चुलतभाऊ धुडकू. त्याला मान मिळाला असता तर तो मरेपर्यंत एसटीत शेजारी बसेल त्याला सांगत सुटला असता.

शेठकडे दोघांनी एकदमच रजा मागितली. दिवाळीच्या साड्यांचा माल अंगावर आलेला.

"बेउ जशो तो रंग कोण काढशे? हुं?" शेठ स्वतःकडे बोट दाखवून म्हणाले. "एक जण जाय."

"चिठ्ठ्या टाकू," सुपडू म्हणाला.

"चिठ्ठीमां शुं मजा?"

शेठच्या गच्चीवर नवी डिश लागली होती आणि ते रोज तिच्यावर युरोपातली तीन आठवडे चालणारी सायकलची शर्यत पाहत होते. येत्या रविवारी तिचा शेवटचा दिवस. दोघांनी एकेक सायकलवाला धरायचा, त्या दिवशी ज्याचा पहिला येईल तो गावाला जाईल. आम्ही मान हलवली. शेठ निवाडा करतात तेव्हा मान हलवण्याचाच पगार असतो.

माझी तयारी कच्ची नसते. आठवडाभर मी चाळीतल्या काशीरामच्या टीव्हीवर शर्यत पाहिली. सुपडू माझ्या शेजारी बसून शेंगा सोलायचा. पिवळ्या शर्टाचा माणूस सगळ्यात पुढे आहे, म्हणून शेवटी तोच जिंकणार, असं त्याने केव्हाच ठरवलं होतं. मी त्याला समजावलं. पिवळा हा सगळ्या दिवसांचा वेळ धरून पुढे असतो. शेवटच्या दिवशी तो नुसता हात हलवतो, सायकलवर बसल्या बसल्या ग्लासातून काहीबाही पितो. त्या दिवसापुरते जिंकतात ते जाड मांड्यांचे, जे दिवसभर दुसऱ्याच्या पाठीमागे वारा चुकवत बसतात आणि शेवटच्या फर्लांगात एकदम उठतात.

"म्हणजे आपला सुपरवायझर," सुपडू म्हणाला. त्याला सगळं कळलं होतं.

मी हे समजावलं नसतं तर तो पिवळ्यावर लावून हरला असता आणि ही गोष्ट इथेच संपली असती. शिकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही, हा शिक्षणाचा मोठा तोटा आहे.

नावं दोघांनाही उच्चारता येईनात. नंबर पाठीवर, आणि पाठी सदा वाकलेल्या. पण रंग आमच्या धंद्याचा. मी पोपटी शर्टाचा गडी धरला, सुपडूने फिरोजी. दुसरा कुठलाही माणूस मांड्या बघून पैज लावेल. आम्ही शेड बघून लावली.

रविवारी काशीरामच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच्या टीव्हीची नळी खाडीचं पाणी घरात शिरलं तेव्हापासून अधूनमधून बिघडायची. मग बातम्या देणारी बाईसुद्धा तीत कैरीसारखी हिरवी दिसायची. त्यात वरच्या मजल्यावरच्या केबलवाल्या प्रदीपकडे खेळ आणि सिनेमा एकाच चॅनलवर. नऊला सिनेमा लागलाच पाहिजे, म्हणून बायका भांडी घासून दारात उभ्या.

"प्रदीपभाऊ, शर्यत संपेपर्यंत हात लावू नको," मी त्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं.

"संपली की मात्र लगेच. माझ्या आईला पण बघायचाय."

शेवटच्या फेरीला ते सगळे एका गठ्ठ्यात आले. मग गठ्ठा फुटला. जाड मांड्यांचे उठले, डोकी खाली घालून हँडल डावी-उजवीकडे झोडपायला लागले. मी काशीरामचा खांदा इतका दाबला की तो ओरडला. एक शर्ट पुढे, दुसरा त्याच्या कुशीत. रेघ. एकाने हात वर केले.

"पोपटी!" मी ओरडलो.

"फिरोजी!" सुपडू ओरडला.

आणि पडद्यावर सिनेमाची पाटी आली.

आम्ही दोघं प्रदीपच्या खोलीकडे धावलो. "परत लाव! रेघ पुन्हा दाखवतील आता!"

"आता काढलं तर आई मला घरात घेणार नाही," तो म्हणाला आणि आतून कडी लावली.

जिन्यातच सुरू झालं. सुपडूचं म्हणणं, त्या टीव्हीत सगळंच हिरवं दिसतं. त्यातलं हिरवं वजा कर, उरतो फिरोजी. माझं म्हणणं, रस्त्याकडेची झाडं नीट झाडांच्या रंगाची दिसत होती, म्हणजे तेवढ्या वेळेपुरती नळी बरोबर होती.

"योगेंद्रभाऊ, तुम्हाला चष्मा लागलाय."

"तुला पिवळा आणि पहिला यातला फरक आत्ता कळला, सुपडू."

सकाळी शेठकडे गेलो. शेवटच्या दिवशी ते नेमके बारडोलीला बारशाला गेले होते. पेपर मागवला. खेळाच्या पानावर सगळं क्रिकेट, तळाशी सायकलवाल्याचा काडेपेटीएवढा फोटो, काळा-पांढरा. शर्ट राखाडी. खाली नाव होतं, पण आमच्या गड्यांची नावं आम्हाला कुठे ठाऊक होती. सुपडूने त्याच्यावर बोट ठेवलं, "हा बघा फिरोजी." मीही ठेवलं. पेपर फाटला.

शेठनी फाटका तुकडा उजेडात धरला आणि खात्याचा कायदा सांगितला. "शेड पास नथी, तो माल बहार नई जाय." वाद असलेला लॉट जागेवरच थांबतो. आम्ही दोघं लॉट झालो.

दोन दिवसांनी त्यांनाच कंटाळा आला. "बेउ एकज रंग बोलो. कोई पण. एक तो जाय!"

म्हणजे आमच्यापैकी एकाने नुसतं "हो, तुझंच बरोबर" म्हणायचं होतं. सोपं वाटतं. पण ज्या दिवशी कलर रूममधला माणूस चारचौघांत म्हणतो की माझ्या डोळ्याला पोपटी-फिरोजी कळलं नाही, त्या दिवसापासून परत आलेली प्रत्येक साडी त्याच्या नावावर लागते. मी सुपडूकडे पाहिलं. सुपडू छताकडे पाहत होता. शेवटी दोघंही आपापल्या तुकड्याकडे वळलो.

घरी उषाबाई पिशवी भरत होत्या. आमच्या सौभाग्यवती. रागावल्या की मला त्यांना अहोजाहो करावं लागतं.

"एकदाव फिरोजी म्हना ना!"

"पण तो पोपटी होता."

"कानबाईले मी काय सांगू? मना नवरा पोपटीमा अटकना शे?"

त्या एकट्या गेल्या. त्याच गाडीने सुपडूची सुमनही गेली, तिच्याही पिशवीत तोच राग. स्टेशनवर दोघी शेजारी बसल्या आणि खिडकीतून आमच्याकडे सारख्याच नजरेने बघत होत्या. एवढा तंतोतंत जुळलेला रंग मी कलर रूममध्येही पाहिलेला नाही.

कानबाईच्या रविवारी आम्ही दोघं कामावर. पार्टीकडून साडीचा तुकडा आला होता. मी म्हणालो, "सुपडू, ह्याला काय म्हणायचं?" तो म्हणाला, "तुम्हीच बोला." आम्ही त्याला नाव न देता रंग काढला. पहिल्या फटक्यात पास.

बायका परत आल्या. धुडकू सपत्नीक पूजेला बसला, फोटोही काढून घेतला, आणि तो रंगीत होता. दोघींनी आपापल्या डब्यात प्रसादाचे रोट आणले होते. कानबाईचा रोट घराण्याबाहेरच्या माणसाला देत नाहीत, असा आमच्यात कडक नेम. दुपारच्या सुटीत कलर रूममध्ये आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसलो आणि आपापल्या कानबाईचे रोट खाल्ले.

खाऊन झाल्यावर पाणी मात्र एकाच माठातलं प्यालो.

"फिरोजीच होता," सुपडू म्हणाला आणि मला पेला दिला.